झाड लावण्याआधी पाण्याची वाट बघा : मराठवाड्यातल्या कॉलनीसाठी कामांचा क्रम

मराठवाड्यात कॉलनीची सुधारणा बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने होते. आधी ओपन स्पेसला कंपाउंड वॉल आणि कमान. मग पेव्हर ब्लॉक, बाकडी, ओपन जिम. मग ५ जूनला वृक्षारोपण, फोटोसकट. पाण्याचा विचार जुलैत येतो, तोही गेटसमोर गुडघाभर डबकं साचल्यावर. हा क्रम नेमका उलटा आहे. आधी पाणी, मग माती, मग झाड आणि बाकडं सर्वांत शेवटी, असा सुलटा क्रम इथे दिला आहे.

आपल्याकडे दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतं आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. कॉलनीची आखणी या दोन्ही वर्षी टिकली पाहिजे, आणि माणसांबरोबर साळुंकी, शिंजीर, मधमाश्या, धामण यांनाही तिथे जागा उरली पाहिजे.

पन्नास ते दीडशे घरांची, चार माणसं एकत्र बसून काही ठरवू शकतील अशी वस्ती डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. एका पावसाळ्यात सगळं होत नाही. एक पावसाळा बघण्यात जातो, दुसरा लावण्यात. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी फक्त टप्पा ४ आणि ५ करावेत. तेवढ्यानेही फरक पडतो.

## टप्पा १ : जागा आधी कागदावर पाहा

नगरपालिका किंवा महापालिकेच्या नगररचना विभागातून तुमच्या लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रत काढा. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. जुन्या लेआउटला त्या-त्या वेळचे नियम लागू होते, पण ओपन स्पेस बहुतेक नकाशांत दाखवलेली असते. नकाशावरचं माप आणि जमिनीवरचं माप टेप लावून ताडून पाहा. फरक निघाला तर भांडण नंतर करा, आधी लेखी अर्ज द्या. जागेचा ताबा पालिकेकडे आहे की गृहनिर्माण संस्थेकडे, हेही लेखी घ्या. तोंडी परवानगीवर केलेलं काम नगरसेवक बदलला की उखडलं जातं.

गुंठेवारीतल्या (शेतजमीन मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकून झालेल्या) वस्त्यांचं वेगळं आहे. तिथे ओपन स्पेस सोडलेलीच नसते, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली घरं नियमित झाली तरी नसलेली जागा काही तयार होत नाही. अशा ठिकाणी रस्त्याची कड, शाळेचं मैदान, मंदिर-मशीद-विहाराचं आवार, जुन्या सार्वजनिक विहिरीभोवतीची जागा, एवढ्यावर भागवायचं. कमी वाटेल, पण पुढचे सगळे टप्पे तिथेही लागू पडतात.

नकाशाच्या झेरॉक्सवर चार गोष्टी रंगीत पेनाने काढा: नाला किंवा ओढा (कोरडा असला, कुणी त्यावर बांधलं असलं, तरीही), ड्रेनेज आणि पिण्याच्या पाण्याची लाइन, महावितरणच्या तारा आणि डीपी, आणि जुने आड, विहिरी, बंद पडलेले बोअर.

सावध : बंद बोअरचं तोंड उघडं दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी त्यावर लोखंडी टोपण बसवून घ्या. वर दगड ठेवून भागवू नका. दगड मुलं हलवतात.

## टप्पा २ : एक पावसाळा नुसता बघा

लोकांना सर्वांत जड जातो तो हा टप्पा, कारण यात दाखवण्यासारखं काही होत नाही. पण कुठलाही सल्लागार जे सांगू शकत नाही ते एक जोरदार सर सांगून जाते.

मोठा पाऊस सुरू झाला की दोघा-तिघांनी छत्री घेऊन कॉलनीत फिरायचं. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थांबतं, कुणाच्या दारात शिरतं, ते मोबाइलवर टिपा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फिरा. अर्ध्या तासात ओसरलेलं पाणी नालीच्या क्षमतेबद्दल बोलतं. दुसऱ्या दिवशीही उभं असलेलं पाणी उताराबद्दल बोलतं. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत, आणि इथेच गफलत होते: उतार चुकलेला असतो आणि लोक नाली मोठी करून घेतात.

ज्या खांबापर्यंत, ज्या ओट्यापर्यंत पाणी आलं तिथे ऑइल पेंटने रेघ मारून ठेवा. उन्हाळ्यात ठेकेदाराशी बोलताना ती रेघ कामाला येते.

उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. कॉलनीच्या सर्वांत उंच कोपऱ्यापासून सर्वांत खालच्या टोकापर्यंत दर वीस-पंचवीस पावलांवर उंचीचा फरक मोजा आणि नकाशावर बाण काढा.

असाच एक फेरा एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन वाजता मारा. सावली कुठे आहे, भाजीवाला गाडा कुठे लावतो, रिक्षाची वाट बघत माणसं कुठे उभी राहतात, पाणी भरायला बाया कुठे थांबतात, हे लिहून ठेवा. परभणी-नांदेडकडच्या ४३-४४ अंशांच्या दुपारी माणसं आपोआप जिथे जाऊन थांबतात, तीच सावलीची खरी जागा. ती बहुतेक वेळा बागेत नसतेच.

## टप्पा ३ : माती तपासा, आणि भेगांना फसू नका

मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे. वर कुठे दोन फूट, कुठे वीस फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. पाणी मुरमात आणि कातळाच्या सांध्यांत साठतं. म्हणूनच एका घरच्या बोअरला पाणी लागतं आणि शेजारचा कोरडा जातो. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. त्यामुळे नुसत्या काळ्या मातीत खणलेला शोषखड्डा (पाणी मुरवायचा खड्डा) पहिल्या आठवड्यात भरतो आणि पुढे डासांची सोय करतो.

परीक्षा साधी आहे. जिथे खड्डा घ्यायचा तिथे फूटभर रुंद आणि दोन फूट खोल खोदा. आदल्या दिवशी त्यात पाणी भरून माती पूर्ण भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ भरा आणि तासाभराने पाहा. पातळी दोन-चार बोटं उतरली तर जागा चालेल. बोटभरही उतरली नाही तर खाली मुरूम लागेपर्यंत खोदा आणि परीक्षा मुरमात पुन्हा घ्या.

आदल्या दिवशीचं भिजवणं टाळू नका. मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. भेगाळलेल्या मातीत ओतलेलं पाणी बघता बघता गडप होतं, सगळे खूश होतात आणि खड्ड्याचं काम सुरू होतं. जुलैत त्याच भेगा मिटतात.

तपासणी : खड्डा घराच्या पायापासून किमान १० फूट लांब आहे ना? काळी माती फुगली-आकसली की भिंतींना तडे जातात. पायाशेजारी पाणी मुरवणं म्हणजे ते तडे स्वतः बोलावणं.

## टप्पा ४ : सांडपाणी वेगळं काढल्याशिवाय एक थेंबही मुरवू नका

आपल्या बहुतेक शहरांत बऱ्याच घरांचं सेप्टिक टँकचं पाणी उघड्या नालीत जातं. पावसाळ्यात तीच नाली पावसाचं पाणीही वाहते. हे मिसळलेलं पाणी ‘जलपुनर्भरण’ म्हणून विहिरीत सोडणाऱ्या कॉलन्या आहेत. पाणी वाढतं हे खरं, पण ते पिण्याचं राहत नाही, आणि एकदा भूजल बिघडलं की ते सुधारायला वर्षं जातात.

घराघरांत जाऊन तीन प्रश्न विचारा. सेप्टिक टँकचं पाणी कुठे जातं? न्हाणी-मोरीचं कुठे जातं? छताचं कुठे जातं? उत्तरं नकाशावर तीन रंगांत काढा. ज्या घरांत तिन्ही एकाच पाइपमध्ये आहेत, तिथे छताचा पाइप सर्वांत आधी वेगळा करून घ्या. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा चांगला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून नाल्या आणि डास दोन्ही कमी करून दाखवले. शहरात त्याची नक्कल करताना मात्र दोन गोष्टी पाहा: जागा मुरमाची आहे ना, आणि पिण्याचा बोअर किंवा विहीर जवळ नाही ना. खड्ड्याआधी एक छोटी टाकी ठेवा, म्हणजे साबणाचा मळ आणि खरकटं तिथेच बसेल. ती महिन्यातून एकदा उपसायची.

सावध : सेप्टिक टँकच्या आत कुणालाही उतरवू नका. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. उपशासाठी पालिकेची मैलागाडी बोलवा.

## टप्पा ५ : छताचं पाणी, हिशेबासकट

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचा स्लॅब साधारण ९३ चौरस मीटरचा. ७०० मिमी पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी एका स्लॅबवरून वर्षाला सुमारे ५२ हजार लिटर पाणी मिळतं. पाच हजारांचे दहा टँकर. हा हिशेब बैठकीत फळ्यावर करून दाखवा. भाषणापेक्षा लवकर पटतो.

पण हे पाणी वर्षभर थेंबथेंब येत नाही, दणक्यात येतं. एका ५० मिमीच्या सरीत त्याच स्लॅबवरून साडेतीन हजार लिटरपेक्षा जास्त पाणी उतरतं. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, दोन मीटर खोल खड्डा साडेचार घनमीटरचा. दगडांनी भरल्यावर त्यात पाण्याला जागा उरते जेमतेम १,८०० लिटरची. उरलेलं कुठे जाणार? म्हणून प्रत्येक खड्ड्याला वरून बाहेर पडायचा पाइप हवाच. तो पाइप नसल्यामुळे ‘हार्वेस्टिंगमुळे घरात पाणी शिरलं’ अशी तक्रार येते आणि गल्लीतली बाकीची घरं पाय मागे घेतात.

क्रम असा ठेवा:

१. मेअखेर स्लॅब झाडून घ्या. पाइपच्या तोंडावर जाळी बसवा, नाहीतर कडुनिंबाचा पाला आणि कबुतरांची घाण आत जाते.

२. खालच्या पाइपला एक व्हॉल्व्ह किंवा टोपण ठेवा. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायचं. गच्चीला उन्हाळ्यात चुना मारला असेल (मारावा, खोलीतला उकाडा कमी होतो), तर हे जास्तच महत्त्वाचं.

३. गाळण टाकी: तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, सर्वांत वर धुतलेली जाड वाळू. वाळू वर असते कारण गाळ वरच अडला पाहिजे. दर उन्हाळ्यात वरची वाळू काढून, धुऊन परत घालायची.

४. गाळलेलं पाणी आधी साठवणीच्या टाकीत, टाकी भरली की खड्ड्यात, आणि मगच बोअरच्या बाजूला.

बोअरमध्ये थेट पाणी सोडायची घाई नको. बोअरभोवती खड्डा घेऊन त्यातून झिरपू देणं जास्त सुरक्षित. थेट सोडायचंच असेल तर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन विचारा. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला ही व्यवस्था नियमानेच बंधनकारक आहे. अपार्टमेंटवाल्यांनी ती कागदावर आहे की जमिनीवर, हे बिल्डरला विचारावं.

जुन्या गावठाणात माळवदाची (मातीच्या छताची) घरं उरली असतील तर तिथलं पाणी मातकट येतं. ते बोअरकडे नेऊ नका, झाडांच्या आळ्यात सोडा.

## टप्पा ६ : रस्ता, कड आणि नाला

सिमेंट रस्त्यावर सिमेंट रस्ता. दर काही वर्षांनी रस्ता सहा इंच वर येतो आणि घरं तेवढीच खाली जातात. जुन्या गल्ल्यांत दारात तीन पायऱ्या चढून जायचं ते आता एक पायरी उतरून जावं लागतं. नवा रस्ता मंजूर झाला की पहिली मागणी एकच: आधीचा थर खरवडून काढा आणि रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याखाली ठेवा. अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी ही मागणी लेखी गेली पाहिजे. रेडिमिक्सची गाडी आल्यावर कुणी ऐकत नाही.

दुसरी मागणी: भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट नको. एका बाजूला तरी तीन फूट मातीची कड सोडा, रस्त्यापेक्षा चार-सहा इंच खाली. रस्त्याचं पाणी तिथे उतरेल, झाडं तिथे लागतील. ही कड ओट्यासारखी उंच बांधली तर पाणी बाहेर आणि झाडं तहानलेली राहतात. शोभेचे उंच कुंडीवजा कट्टे हे पालिकेच्या कामातलं नेहमीचं दृश्य आहे.

पेव्हर ब्लॉकमधून पाणी मुरतं अशी समजूत आहे. खाली काँक्रीटचा थर टाकला असेल तर मुळीच मुरत नाही. बसवतानाच बघा: खाली खडी आणि वाळू हवी, सिमेंट नको.

नाल्याबद्दल माझं मत कडक आहे. त्यावर स्लॅब टाकून पार्किंग किंवा भाजी मंडई करू देऊ नका. स्लॅबखाली अडकलेला कचरा दिसत नाही आणि काढताही येत नाही, आणि पुराचं पाणी आजूबाजूच्या घरांत वाट शोधतं. बीडची बिंदुसरा, जालन्याची कुंडलिका, छत्रपती संभाजीनगरची खाम, या नद्या शहराच्या मधून जातात, आणि कॉलनीतला प्रत्येक ओढा शेवटी अशाच कुठल्यातरी नदीला मिळतो. नाल्याच्या कडेला भिंत बांधण्याआधी गाळ आणि राडारोडा काढा, रस्त्याखालच्या मोरीचे पाइप अरुंद असतील तर ते बदलायला लावा. काठावर गवत, करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर राहू द्या. मुळं काठ धरतात, आणि खंड्या-पाणकोंबड्यांनाही बसायला जागा मिळते.

तपासणी : पावसाळ्याआधी मोरीच्या एका तोंडातून टॉर्च मारा. दुसऱ्या तोंडातून उजेड दिसला पाहिजे.

## टप्पा ७ : आता झाडं

आधी पाण्याचा हिशेब. कोवळ्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा २० लिटर धरा. ६० झाडांना आठवड्याला २,४०० लिटर. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत पंधरा आठवडे, म्हणजे ३६ हजार लिटर, सात टँकरांहून थोडं जास्त. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात हे कुठून येणार, हे आधी लिहा. मे महिन्यात जेवढी जगवता येतील तेवढीच जुलैत लावा. पाचशेचा आकडा बातमीसाठी चांगला असतो, कॉलनीला पंचवीस पुरतात.

काय लावायचं. मोठ्या मोकळ्या जागी, इमारतीपासून निदान ३०-३५ फूट लांब: वड, पिंपळ, उंबर, चिंच. उंबर-पिंपळाच्या फळांवर तांबट, हारीत, वटवाघळं जगतात. बाकीची झाडं वाळलेली असतात तेव्हाही यांची फळं मिळतात. रस्त्याच्या कडेला: कडुनिंब, करंज, शिरीष, जांभूळ. घराजवळ किंवा लहान जागेत: बहावा, आपटा, बेल, कवठ. तारांखाली सीताफळ, पारिजातक, तगर, कढीपत्ता. याहून उंच काहीही नको. कुंपणाला मेंदी, करवंद, अडुळसा.

सगळीकडे कडुनिंबच लावायचा मोह आवरा. तेलंगणात गेल्या काही वर्षांत कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला. एकाच जातीवर कॉलनी उभी असेल तर एका रोगात सगळी सावली जाते. कुठलीही एक जात एकूण झाडांच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको.

काय टाळायचं. कोनोकार्पस झटपट हिरवा दिसतो म्हणून दुभाजकांवर लावला गेला. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सुबाभूळ एकदा आली की जात नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसायला देखणा, पण वादळात फांद्या पटकन मोडतात. पार्किंगवर आणि शाळेच्या दारात नको. दाट ‘जंगल’ करण्याची टूम आहे, तिच्याबद्दल एवढंच: त्याला पहिली दोन-तीन वर्षं भरपूर पाणी लागतं आणि आपला मुलूख मुळात विरळ झाडीचा आणि गवताचा आहे. मुरमाड माळावर काही जागा गवताची राहिली तरी ती ओसाड ठरत नाही. लाव्हे-तित्तिर, फुलपाखरं तिथेच असतात.

कधी. ५ जूनला नाही. त्या दिवशी मराठवाड्यात बहुधा पाऊस पोचलेलाही नसतो. फोटो हवाच असेल तर त्या दिवशी खड्ड्याचा काढा. मृगाच्या सरींनी माती वरवर भिजते, खाली कोरडीच राहते. वीतभर खोल ओल गेली, म्हणजे साधारण आर्द्रा-पुनर्वसूत, जूनअखेर ते जुलैमध्ये, लावायला घ्या. पावसात खंड पडला तर थांबा.

कसं.

१. खड्डे एप्रिलमध्ये खणा: दोन-अडीच फूट लांब, तेवढेच रुंद, तेवढेच खोल. महिनाभर उन्हात तापू द्या.

२. खाली निघालेली चिवट काळी माती एकटी परत भरू नका. तिच्यात बारीक मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्च्या शेणाने वाळवी आणि हुमणी येते.

३. रोप चार-पाच फुटांचं, बुंधा बोटाएवढा जाड. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत स्वस्त मिळतात. पिशवी फाडून मुळं पाहा. गोल गुंडाळलेली असतील तर कडेची मुळं हलक्या हाताने मोकळी करा किंवा छाटा. तशीच लावली तर झाड पाच वर्षं वाढतं आणि एका वादळात मुळासकट पडतं.

४. पिशवी पूर्ण काढा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण वाळलेली रोपं उपटून पाहा, किती पिशव्या निघतात ते.

५. रोप पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर लावा. बुंध्याला माती चढवू नका.

६. आळं बुंध्याशी उंच आणि कडेला खोल ठेवा, म्हणजे पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचणार नाही. त्यावर पाला किंवा वाळकं गवत चार बोटं जाड अंथरा.

७. आधाराची काठी सुतळीने, सैल, आठच्या आकड्यात बांधा. बाभळीच्या काट्यांचं कुंपण शेळ्यांना लोखंडी जाळीइतकंच अडवतं.

सावध : आधीपासून उभं असलेलं झाड ‘मध्ये येतं’ म्हणून तोडू नका. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने शहरी भागात खासगी जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पंचवीस वर्षांच्या एका चिंचेइतकी सावली द्यायला नव्या रोपांना तेवढीच वर्षं लागतात. नकाशा बदला, झाड राहू द्या.

## टप्पा ८ : बाकीच्या जिवांसाठी काय करू नये

इथे करण्यापेक्षा न करण्याची यादी मोठी. पाला जाळू नका. एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात टाका. बुंध्याभोवती तीन फूट तरी सिमेंट नको. सगळी जागा खुरपून स्वच्छ करू नका. गाजरगवत आणि घाणेरी उपटा, बाकीचं गवत पावसाळ्यानंतर बी धरेपर्यंत राहू द्या. वाळलेली जाड फांदी रस्त्यावर पडण्याची भीती नसेल तर तशीच ठेवा, तांबट तिच्यात घर कोरतो आणि ढोलीत पिंगळा राहतो. रात्रभर जळणारे फ्लडलाइट झाडांवर मारू नका; दिवे रस्त्याकडे, खाली तोंड केलेले.

पाण्याची परळं ठेवणाऱ्यांनी दर दोन दिवसांनी ती रिकामी करून घासावीत. नाहीतर चिमण्यांसाठी ठेवलेल्या परळातून डेंग्यूचे डास निघतात. साप दिसला तर सर्पमित्राला फोन. धामण उंदीर खाते, तिला मारून कॉलनीचं नुकसानच होतं.

## टप्पा ९ : बाकडी आणि माणसं

टप्पा २ मधली दुपारी तीनची यादी आता काढा. बाकडी त्या जागी. पश्चिमेच्या उन्हाला आडवं झाड हवं, नाहीतर संध्याकाळी पाचलाही बाकडं तापलेलं असतं. पाठ टेकता येईल असं आणि हाताला आधार असलेलं बाकडं घ्या, म्हाताऱ्या माणसांना उठताना लागतो. गाडेवाल्याला हाकलू नका. तो दिवसभर तिथे असतो, झाडाला लागलेली शेळी सगळ्यांत आधी त्यालाच दिसते. बायका संध्याकाळी बसत नसतील तर कारण विचारा. बहुतेकदा ते अंधार किंवा आडोसा असतं; अंधार दिव्याने आणि आडोसा कुंपण कमी उंचीचं करून सुटतो.

ओपन जिम शेवटी. पैसे उरले तर.

## टप्पा १० : तीन उन्हाळे

देखभालीचे पैसे लावणीच्या आधी बाजूला काढा, निदान लावणीला आला तेवढाच खर्च. प्रत्येक झाडाला नंबर आणि एक घर ठरवा. एक वही ठेवा: नंबर, जात, घर, पाणी दिल्याची तारीख. वही किराणा दुकानात राहू दे, तिथे रोज कुणीतरी जातंच.

पाणी रोज तांब्याभर नको. आठवड्यातून एकदा-दोनदा, पण भरपूर, म्हणजे मुळं खोल जातात. धुणं-भांड्याचं पाणी चालतं, साबणाचा फार फेस असलेलं नको. आरओमधून वाया जाणारं पाणी एकट्याने देऊ नका, त्यात क्षार जास्त असतात. आपल्या बोअरचं पाणी आधीच जड आहे. साध्या पाण्यात मिसळून, तेही मोठ्या झाडाला द्या.

पावसाळ्याआधी महावितरणची माणसं फांद्या छाटायला येतात तेव्हा कॉलनीतलं कुणीतरी हजर राहा. तारेला लागणारी फांदी जोडाजवळून कापायला सांगा. शेंडा मारला की झाड वेडंवाकडं फुटतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तारेला लागतं.

पहिल्या उन्हाळ्यात काही रोपं जातीलच. ती लगेच मे महिन्यात बदलू नका, पुढच्या जुलैपर्यंत खड्डा रिकामा ठेवा. तिथे का गेलं ते आधी पाहा: खाली कातळ, गळकी ड्रेनेज लाइन, की नुसतं दुर्लक्ष. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याचं अंतर दहा दिवसांवर न्या, तिसऱ्यात पंधरा दिवसांवर. तिसऱ्या पावसाळ्यानंतर देशी झाडांना बहुधा पाणी लागत नाही. दुष्काळी साल असेल तेवढं वगळा, त्या वर्षी महिन्यातून एकदा बादली-दोन बादल्या द्याव्या लागतील. त्याच सुमारास बुंध्याची सुतळी आणि लोखंडी जाळी काढा. जाळी बुंध्यात रुतलेली झाडं प्रत्येक शहरात दिसतात. काढलेल्या जाळ्या सरळ करून ठेवा, पुढच्या गल्लीला लागतील.